ओढ एचपीची नव्हे, वजनाची

ट्रॅक्टर हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा अर्थ ‘ओढणारा’ एवढाच. तरीही आपण ट्रॅक्टर घ्यायला निघालो की पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती एचपीचा?’ माझा भाचा आजरा तालुक्यात ऊस आणि लाकूड वाहतो. ‘मामू, पंचेचाळीसचा घेऊ की साठचा?’ असं त्यानं मला विचारलं. कवीला ट्रॅक्टरचा सल्ला विचारणारे भाचे फार नसावेत! पण मला कोष्टकं वाचायची हौस. बसलो आकडे मांडत.

७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलायला लागते ती एक अश्वशक्ती. आता चारचाकी ट्रॉली उसानं भरून दहा टन झाली आणि समोर दहा मीटरला एक मीटर असा चढ आला. ट्रॉलीला नुसत्या चढासाठी एक टनाची ओढ हवी. ताशी पाच किलोमीटरच्या चालीनं त्याला साधारण १९ अश्वशक्ती पुरते. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन, मातीचा अडसर, गिअरमधली घट हे सगळं धरलं तरी पंचेचाळीसचं इंजिन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये निभावून नेईल.

अडतं ते चाकाखाली. असा ट्रॅक्टर सुमारे दोन टनांचा. त्यातलं जेमतेम सव्वा टन मागच्या चाकांवर. कच्च्या रस्त्यावर टायरची पकड त्या भाराच्या निम्मी धरा. ओढताना थोडा भार मागं सरकतो, पण तरीही ओढ एक टनापर्यंत पोचत नाही. चाक जागच्या जागी फिरतं. तेवढ्याच वजनाच्या ट्रॅक्टरला साठचं इंजिन बसवलं तर ते जास्त जोरात फिरेल, इतकंच! साठचा ट्रॅक्टर जास्त ओढतो तो मुख्यतः जड असतो म्हणून. मागच्या टायरमध्ये पाऊण पाणी भरणं, चाकांना बिडाची वजनं लावणं, किंवा चारही चाकांना जोर देणारा ट्रॅक्टर घेणं, हे त्यावरचे उपाय.

चढावर चूक झाली तर ट्रॅक्टर थांबतो. उतारावर तो थांबत नाही, आणि माणसं जातात ती तिथं. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. दोन टनांच्या ट्रॅक्टरनं दहा टन अडवायचे. जमलं नाही की ट्रॉली त्याला ढकलते, मग आडवी होते. बिनब्रेकची ट्रॉली मालासकट ट्रॅक्टरच्या दीडपटीहून जड नसावी, असा शेती-अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे इथं तीन टन. हंगामात आपल्या रस्त्यांवर एकामागं एक दोन ट्रॉल्या जोडून चाललेलं सगळे पाहतात. त्याला मी हिंमत म्हणणार नाही. म्हणून भाच्याला सांगितलं, वरच्या एचपीचे पैसे आधी ट्रॉलीच्या ब्रेकला घाल. ट्रॅक्टरची ब्रेकची दोन पेडलं रस्त्यावर खिटीनं जोडलेली ठेव. सुटी राहिली तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर गर्रकन वळतो. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाक. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवू नकोस.

लाकडाचं काम वेगळं. तीन मीटर लांब, चाळीस सेंटिमीटर जाडीचा सागाचा ओंडका वाळलेला असेल तर अडीचशे किलोच्या आसपास. ओला बराच जड. जमिनीवरून फरफटताना वजनाच्या निम्मी किंवा थोडी जास्त ओढ लागते. ती पंचवीस-तीसचा छोटा चारचाकी-जोराचा ट्रॅक्टर सहज देतो, आणि झाडांच्या ओळींतून वळतोही. ओंडक्याचं पुढचं टोक थोडं उचललं की ते माती नांगरत नाही. साखळी मात्र खालच्या हुकालाच. टॉप लिंकच्या जागी, म्हणजे मागच्या आसाच्या वर बांधली आणि ओंडका बुंध्याला अडकला, तर पुढची चाकं उचलतात. ट्रॅक्टर मागं उलटायला सेकंद-दीड सेकंद लागतो. तेवढ्यात क्लच दाबणं कुणाला जमावं?

स्वीडननं १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या रक्षणाची चौकट सक्तीची केली. डोक्यावर ती लोखंडी कमान आणि कमरेला पट्टा, दोन्ही हवेत. रानात फांद्या अडतात म्हणून कमान काढून ठेवणारे मी पाहिलेत.

भाच्यानं शेवटी पन्नासचा, चारही चाकांना जोर असलेला घेतला. ट्रॉलीच्या ब्रेकचं काम दिवाळीआधी होईल म्हणतो. ऊस त्यानंतरच भरायचा, असं मी त्याच्या आईकडून वदवून घेतलंय.