‘वॉक’ या शब्दाचा प्रवास

बेंगळुरूतल्या कब्बन पार्कात किंवा लालबागेत सकाळी कन्नड, तमिळ, मराठी अशा सगळ्या भाषा कानावर येतात, पण ‘वॉक’ हा शब्द मात्र सगळ्यांचा एकच. त्याचं मूळ फार सुंदर आहे!

जुन्या इंग्रजीत ‘वेल्कन’ असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ लोळणं, हेलकावणं, घुसळलं जाणं. समुद्राच्या लाटांसाठीही ते वापरत. पायी चालणं हा अर्थ साधारण तेराव्या शतकापासून रूढ झाला.

पण याच धातूची दुसरी शाखा मला जास्त आवडते. विणलेलं लोकरीचं कापड पाण्यात भिजवून पायांनी तुडवलं की ते दाट आणि घट्ट होतं. हे काम करणारा तो ‘वॉकर’. हे आडनाव तिथूनच आलं. इंग्लंडच्या उत्तरेत वॉकर, आग्नेयेला फुलर, नैर्ऋत्येला टकर, ही तिन्ही आडनावं एकाच धंद्याची. जर्मनमध्ये ‘वाल्कन’ म्हणजे आजही लोकर मळून घट्ट करणं. स्कॉटलंडच्या बेटांवर बायका असं कापड मेजावर आपटत एका तालात गात, त्या गाण्यांची मोठी परंपरा आहे.

काही भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचं नातं संस्कृतच्या ‘वल्ग्’, म्हणजे उड्या मारणे, या धातूशी जोडतात. आपली ‘वल्गना’ त्याच धातूची. म्हणजे वॉक आणि वल्गना दूरच्या बहिणी असू शकतात!

तुमच्या गावाकडे चालण्यासाठी कोणते खास शब्द आहेत? जरूर लिहा.