शेतीच्या सरकारी योजना : दार कोणते ठोठवावे?

पिंपळगाव बसवंत म्हटले की द्राक्षबागा आणि कांदा-टोमॅटोची मोठी बाजारपेठ डोळ्यांसमोर येते. परंतु याच परिसरात आपल्या समाजातील अनेक कुटुंबे एक-दीड एकरावर किंवा निव्वळ मजुरीवर गुजराण करतात. त्यांच्यासाठी शासनाच्या योजना आहेत. पण प्रत्येक योजनेची कचेरी निराळी आहे. एका कचेरीत "हे आमच्याकडे नाही" असे ऐकले की माणूस योजनाच नाही असे समजून परत फिरतो. म्हणून ही माहिती आम्ही येथे देत आहोत.

ज्यांच्या नावे जमीन आहे त्यांनी प्रथम निफाड पंचायत समितीच्या कृषी विभागात जावे. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी २०१७ साली सुरू झालेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना जिल्हा परिषदेमार्फत राबविली जाते. नवीन विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंपसंच, वीजजोडणी, शेततळ्याचे अस्तरीकरण यांसाठी तीत अनुदान मिळते. नवीन विहिरीचे अनुदान २०२४ साली अडीच लाखांवरून ४ लाख रुपये झाले. त्यासाठी किमान ०.४० हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन लागते.

पाणी व माती राखण्याच्या कामांसाठी, तसेच ठिबक सिंचन आणि फळबाग लागवडीसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांची कचेरी आहे.

भूमिहीनांनी नाशिकच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे जावे. भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेतृत्व करणारे कर्मवीर दादासाहेब गायकवाड आपल्याच जिल्ह्यातील, दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. त्यांच्या नावाच्या सबलीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबास चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते. पूर्वी निम्मी रक्कम कर्जाची होती. २०१८ पासून संपूर्ण रक्कम अनुदान आहे.

मात्र खरी अडचण कचेरीपेक्षा कागदात असते. सातबाऱ्यावर आजही आजोबांचे नाव असेल तर नातवाचा अर्ज पुढे सरकत नाही. त्यामुळे वारस नोंद आधी करून घ्यावी. १९५८ च्या कायद्याने वतने संपली व अनेक वतनी जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद असते. ती परवानगीशिवाय विकता येत नाही. पण जमीन आपलीच आहे, हे विसरू नये. जातीचा दाखला सक्षम अधिकाऱ्याचाच हवा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नोंद पुरत नाही. २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक झाला आहे.

अर्ज आता महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. येथे विद्यार्थ्यांचे काम सुरू होते. आपल्या वस्तीतील एका तरी वडीलधाऱ्यांचा सातबारा व आठ-अ प्रत्येकाने वाचून पाहावा, चूक असल्यास दाखवून द्यावी, अर्ज भरून त्याची पोच त्यांच्या हाती ठेवावी. हक्काची विहीर कागदावाचून अडू नये, एवढीच आमची कळकळीची विनंती.