चिबाची झोतभट्टी आणि शिरगावचे खनिज

मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या पात्रांतून तांबड्या खनिजाने काठोकाठ भरलेले बार्ज मुरगावच्या दिशेने उतरताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांपैकी बहुतेकांना हा माल जपानला जात असे एवढे ठाऊक असते, आणि तेवढ्यावरच त्यांची जिज्ञासा तृप्त होते. माझी झाली नाही. ज्या देशाच्या भूमीत नाव घेण्याजोगे लोहखनिज नाही, कोक करण्यास पुरेसा चांगला कोळसा नाही, ज्याची शहरे 1945 साली जळून गेली होती, त्या देशाने डिचोली महालातील टेकड्या पाच हजारांहून अधिक सागरी मैलांवर नेऊन वितळवाव्यात, आणि त्यांतून निघालेले पोलाद खनिज व कोळसा दाराशी असणाऱ्या राष्ट्रांच्या पोलादाहून स्वस्त पडावे, हे कोणत्या हिशेबात बसते, हा प्रश्न कित्येक वर्षे माझ्या मनात घर करून होता. त्याचा माग काढीत गेलो असता मी एका अशा गृहस्थापाशी येऊन पोहोचलो, की ज्यांचे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. त्यांचे नाव यातारो निशियामा.

पोलादाच्या धंद्यातील जुना शिरस्ता सर्वश्रुत आहे. एक टन कच्चे लोखंड काढावयाचे तर दीड टनाहून अधिक खनिज आणि, त्या काळच्या भट्ट्यांत, जवळजवळ टनभर कोक लागे; तेव्हा हा जड माल जिथे सापडतो तिथेच कारखाना उभारावा, हे उघड होते. जमशेटजी टाटांचे लक्ष प्रथम आपल्या चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजाकडे गेले होते, परंतु वरोऱ्याचा कोळसा कोकच्या उपयोगाचा नाही असे आढळल्यामुळे ती तजवीज बारगळली, आणि अखेर कारखाना मयूरभंजचे खनिज व झरियाचा कोळसा यांच्या मध्ये साकची येथे उभा राहिला. अमेरिकेचे पिट्सबर्ग आणि जर्मनीचे रूर यांची कथा तपशिलाने निराळी असली, तरी तत्त्वतः हीच. जपानने हाच शिरस्ता तलवारीच्या बळावर पाळावयाचा प्रयत्न केला होता: खनिज आपल्या घरी नाही, तर ते जिथे आहे तो मुलूखच आपला करावयाचा, या बुद्धीने मांचुरियात आन्शानचा विशाल कारखाना उभा राहिला. 1945 मध्ये तो मुलूख गेला, कारखाना गेला. 1943 साली सुमारे 76 लाख टनांपर्यंत पोहोचलेले जपानचे पोलाद 1946 साली साडेपाच लाखांवर आले.

निशियामा यांचा जन्म 1893 सालचा, कानागावा प्रांतातील एका शेतकरी कुटुंबातला. तोक्योच्या विद्यापीठात धातुविद्या शिकून 1919 मध्ये ते कोबे येथील कावासाकी जहाजबांधणी कंपनीच्या पोलाद विभागात रुजू झाले आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी ओपन-हार्थ भट्टीच्या धगीपुढे काढली. हे महत्त्वाचे अशासाठी, की कावासाकीजवळ खनिजातून कच्चे लोखंड काढणारी झोतभट्टी नव्हती. भंगार आणि विकत घेतलेले कच्चे लोखंड एकत्र वितळवून पोलाद करावयाचे, हा त्या कंपनीचा व्यवसाय. आणि भंगार अमेरिकेचे, कच्चे लोखंड स्वतःच्या प्रतिस्पर्ध्यांचे! 1940 मध्ये अमेरिकेने भंगाराची निर्यात रोखली, तेव्हा या परावलंबनाचा अर्थ ज्यांना भट्टीसमोर उभे राहून अनुभवावा लागला, त्यांत निशियामा होते. युद्धानंतर वरिष्ठ संचालक पदच्युत झाल्यामुळे कारभाराची सूत्रे या अभियंत्याकडे आली. त्यांनी पोलाद विभाग मूळ कंपनीपासून वेगळा करण्याचा आग्रह धरला, आणि 7 ऑगस्ट 1950 रोजी कावासाकी स्टील ही स्वतंत्र कंपनी अस्तित्वात येऊन ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये निप्पॉन स्टील या अर्धसरकारी महाकाय संस्थेचे विभाजन होऊन यावाता आणि फुजी या दोन कंपन्या निघाल्या होत्या. या दोन आणि निप्पॉन कोकान ही तिसरी, अशा तिघांच्याच हाती बहुतेक झोतभट्ट्या होत्या. बाकीच्यांनी त्यांच्या दाराशी कच्च्या लोखंडासाठी उभे राहावयाचे, अशी ती व्यवस्था होती.

नोव्हेंबर 1950 मध्ये, कंपनी स्थापन होऊन पुरते चार महिनेही झाले नसताना, निशियामांनी व्यापार व उद्योग मंत्रालयात एक योजना दाखल केली. तिचा मसुदा आकड्यांतच बोलतो: तोक्योच्या उपसागरावर चिबा येथे संपूर्ण नवा कारखाना, प्रत्येकी 500 टनांच्या दोन झोतभट्ट्या, प्रत्येकी 100 टनांच्या सहा ओपन-हार्थ भट्ट्या, पुढे रोलिंग मिल, खर्च 1,630 कोटी येन. आणि ही योजना मांडणाऱ्या कंपनीचे भांडवल होते 50 कोटी येन. स्वतःच्या भांडवलाच्या बत्तीसपटीहून अधिक खर्चाचा कारखाना, आणि तोही अशा वेळी की देशातील निम्म्याहून अधिक झोतभट्ट्या थंड पडलेल्या होत्या! प्रतिस्पर्ध्यांना हा आपल्या मक्तेदारीवर घाला वाटला. अधिकाऱ्यांना तो अविवेक वाटला.

विरोधकांत अग्रणी होते बँक ऑफ जपानचे गव्हर्नर हिसातो इचिमादा. भांडवलाची चणचण असलेल्या त्या काळात कोणत्या उद्योगाला पतपुरवठा व्हावा आणि कोणत्याला होऊ नये, यावर त्यांचा एवढा वचक होता की वृत्तपत्रे त्यांना पोप म्हणत. कावासाकी हा हट्ट सोडणार नसेल तर चिबाच्या जागेवर पेनपेनगुसा उगवेल असे करून दाखवीन, असे ते म्हणाल्याची आख्यायिका जपानी उद्योगाच्या इतिहासात दृढ झाली आहे. पेनपेनगुसा हे पडक्या घरांच्या छपरांवर उगवणारे रानगवत. म्हणजे उजाड करीन, असा भाव. हे उद्गार त्यांच्या तोंडी नंतर घातले गेले असेही एक मत आहे, आणि स्वतः इचिमादांनी पुढे ते नाकारले. माझ्या मते या वाक्याच्या खरेखोटेपणाला अवास्तव महत्त्व मिळाले आणि त्यामुळे इचिमादांचा पक्ष मात्र कोणी नीट ऐकून घेतला नाही. तो पक्ष दुर्बल नव्हता. 1949 पासून अमेरिकन सल्लागार डॉज यांच्या कठोर आर्थिक धोरणाने चलनवाढ नुकतीच आटोक्यात आली होती; देशाची बचत अल्प होती; ज्या भट्ट्या बांधून तयार आहेत त्या न पेटविता नव्या बांधणे म्हणजे गरीब राष्ट्राची पुंजी उधळणे, हा त्यांचा युक्तिवाद एखाद्या दक्ष खजिनदाराला शोभेल असाच होता.

निशियामांचे उत्तर भांडवलाच्या हिशेबातले नव्हते, किमतीच्या हिशेबातले होते. थंड पडलेल्या भट्ट्या पेटवून पोलाद निघेल, हे त्यांना मान्य होते. पण ते महाग निघेल, आणि महाग पोलादाची जहाजे व यंत्रे जगात कोणी विकत घेणार नाही. 1901 पासून तुकड्यातुकड्याने वाढत गेलेल्या यावातासारख्या कारखान्यात माल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेण्यातच किती श्रम जातात, हे ते जाणून होते. नव्या जागेवर धक्का, झोतभट्टी, पोलादाची भट्टी आणि रोलिंग मिल ही एका ओळीत मांडता येतात: एका टोकाला जहाज खनिज उतरविते, दुसऱ्या टोकाला पत्रा बाहेर पडतो. आन्शानहून परतलेले अभियंते ही आखणी करण्यास त्यांच्या हाताशी होते; साम्राज्याने गमावलेला अनुभव त्यांनी पगारावर घेतला.

जागेची निवड हा या योजनेचा प्राण होय. यामागुची प्रांतातील होफू येथेही जागा मिळत होती. परंतु चिबा तोक्योच्या बाजारपेठेला लागून होते, युद्धकाळात विमानांच्या कारखान्यासाठी भराव घातलेली जमीन तिथे ओस पडली होती, आणि चिबा शहर व प्रांत यांनी जमीन विनामूल्य देऊन करांतही सवलत देऊ केली. समुद्रकाठचा पोलाद कारखाना ही काही निशियामांची मूळ कल्पना नव्हे. अमेरिकेत स्पॅरोज पॉइंटचा कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच भरतीच्या पाण्यावर उभा राहिला होता. पण ज्या देशाला आपली खाणच नाही, त्याने खाण मिळविण्याचा नाद सोडून द्यावा, समुद्राकडे तोंड करून बसावे आणि जगातील ज्या खाणीचा माल स्वस्त, तिच्याकडून तो घ्यावा, हा निष्कर्ष इतक्या निःशंकपणे काढून त्यावर सर्वस्व पणाला लावणारे ते पहिले होत. खाण नसणे हे त्यांच्या हिशेबात व्यंग राहिले नाही. विक्रेता बदलण्याचे ते स्वातंत्र्य ठरले.

मंत्रालयाने 1952 मध्ये योजनेला मान्यता दिली, तीही हात आखडूनच. सरकारी कर्ज मागणीच्या मानाने तुटपुंजे मिळाले. उरलेला पैसा दाइ-इची बँकेच्या आधाराने, नवे भाग विकून आणि अल्प मुदतीची कर्जे फिरवून उभा करावा लागला. कोरियातील युद्धाने मागणी चढली होती, तिने श्वास घेण्यापुरती सवड दिली. 17 जून 1953 रोजी चिबाची पहिली झोतभट्टी पेटली. पुढे 1956 मध्ये जागतिक बँकेने रोलिंग मिलसाठी 2 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, तेव्हा जो पतपुरवठा तोक्योने नाकारला होता त्याला वॉशिंग्टनची मोहोर लाभली. इचिमादा दरम्यान गव्हर्नरपद सोडून अर्थमंत्री झाले होते.

आता डिचोली महालातील शिरगाव. युद्धापूर्वी जपानी भट्ट्यांना चीनमधील खनिज मिळे; कोरियाचे युद्ध सुरू झाल्यावर तो मार्ग बंद झाला, आणि पर्यायाचा शोध मलाया, फिलिपिन्स आणि पोर्तुगीज अमलाखालील गोवा इथवर आला. 1951 साली निप्पॉन कोकानच्या परिवारातील कोकान मायनिंग या कंपनीने खाणमालक चौगुले यांच्याशी करार केला: शिरगावच्या खाणीसाठी यंत्रसामग्री उधारीने द्यावयाची आणि तिची फेड खनिजाने करून घ्यावयाची. घमेली आणि पाट्या यांवर चालणाऱ्या खाणीत यंत्रे आली. हा करार कावासाकीचा नव्हे, पण त्यामागील नीती तीच, आणि युद्धोत्तर जपानने परदेशी खनिजासाठी केलेल्या अशा व्यवहारांचा तो आरंभ होता. मांचुरियात सैन्य पाठवून जे साधले नाही, ते डिचोलीत उधारीच्या यंत्रांनी साधले: मालकी खाणवाल्याची, जोखीम खाणवाल्याची, आणि माल मात्र ठरलेल्या भावाने ठरलेल्या गिऱ्हाइकाकडे. या व्यवहाराने गोव्याला पैसा दिला, बार्ज बांधणारे कारखाने दिले, एक संपूर्ण नवा धनिकवर्ग दिला. खाणींखालच्या शेतांत पावसाळ्यात वाहून येणारा गाळही दिला.

चिबाची भट्टी पेटल्यावर जे झाले ते थोडक्यात सांगण्याजोगे आहे, कारण ते सर्वत्र लिहिलेले आहे. सुमितोमो आणि कोबे या कंपन्यांनीही झोतभट्ट्या घेतल्या. तीन कंपन्यांच्या जागी सहा झाल्या आणि त्यांच्यात नव्या किनारी कारखान्यांची चढाओढ लागली. ऑस्ट्रियातील लिंझ येथे 1952 मध्ये सिद्ध झालेला, पोलाद करणारा ऑक्सिजन कन्व्हर्टर यावाताने 1957 मध्येच आणला, त्या दशकात बहुतेक अमेरिकन कंपन्या मात्र ओपन-हार्थ भट्ट्यांच्याच क्षमतेत भर घालीत राहिल्या. 1950 मध्ये 48 लाख टन असलेले जपानी पोलाद 1960 मध्ये 2 कोटी 21 लाख आणि 1973 मध्ये 11 कोटी 90 लाख टनांवर गेले. निशियामा हे शिखर पाहण्यास राहिले नाहीत. मिझुशिमा येथील त्यांच्या दुसऱ्या कारखान्याची पहिली झोतभट्टी 1967 मध्ये पेटली; त्यांचे निधन ऑगस्ट 1966 मध्ये झाले होते.

चिबाच्या रहिवाशांचे म्हणणे निराळे होते आणि त्याला या कथेत स्थान न देणे अन्यायाचे होईल. बाजारपेठेला लागून असणे म्हणजे वस्तीला लागून असणे. धुराने दम्यासारखे विकार जडलेल्या लोकांनी 1975 मध्ये कंपनीवर दावा लावला. 1988 मध्ये न्यायालयाने त्यांना नुकसानभरपाई देवविली, आणि 1992 मध्ये तडजोड झाली. जागेच्या ज्या निवडीची मी वर मुक्तकंठाने प्रशंसा केली, तिच्या हिशेबात हा खर्च कोणीच धरला नव्हता.

गोव्याच्या वाट्याला त्या नीतीची दुसरी बाजू आली. विक्रेता बदलण्याचे स्वातंत्र्य जपानने पुरेपूर वापरले. 1938 पासून लोहखनिजाच्या निर्यातीवर असलेली बंदी ऑस्ट्रेलियाने 1960 मध्ये उठविली, आणि 1966 पासून पिलबाराचे उच्च प्रतीचे खनिज दीर्घ मुदतीच्या करारांनी जपानकडे वाहू लागले. त्याच सुमारास बैलाडिल्याचे खनिजही विशाखापट्टणमच्या मार्गाने निघाले. जहाजे जसजशी मोठी झाली, तसतसा अंतराचा भार हलका होत गेला आणि गोव्याचे मऊ, ओलसर, कमी प्रतीचे खनिज मुख्य अन्नाऐवजी मिसळणीचे होऊन बसले. भाव ठरविताना जपानी पोलाद कंपन्या एकमेकींशी कितीही झगडत असल्या तरी एकत्र बसत. समोर गोव्याचे खाणमालक मात्र प्रारंभी एकेकटे असत. त्यांनी आपला खनिज निर्यातदारांचा संघ स्थापन केला तो 1963 मध्ये, शिरगावच्या करारानंतर बारा वर्षांनी.