साहस आणि धैर्य : 'विक्रांत'वरच्या एका वैमानिकाचं उदाहरण

आपल्या यवतमाळहून समुद्र फार लांब. तरी धैर्याचा विचार करताना मी आज उदाहरण घेतो ते समुद्रावरचं, १९७१च्या युद्धातलं. लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता हे विमानवाहू 'विक्रांत'वरच्या सी हॉक विमानांच्या तुकडीचे प्रमुख होते. ४ डिसेंबरला सकाळी आठ सी हॉक बंगालच्या उपसागरातून उडाली, त्यांनी कॉक्स बझारवर हल्ला केला. संध्याकाळी चितगाव बंदरावर. पुढच्या दिवसांतही गुप्तांनी हल्ल्यांचं नेतृत्व केलं. खालून विमानवेधी तोफांचा मारा होत असे. एकदा त्यांच्या विमानालाच मार बसला. ते विमान त्यांनी परत आणून जहाजावर उतरवलं. त्यांना महावीर चक्र मिळालं.

आता हे उतरवणं म्हणजे काय, ते बघा. डेक आखूड, त्यातून जहाज चालतं आणि डोलतं. विमानाच्या शेपटाखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकला, तरच विमान थांबतं. तार हुकली की पुन्हा उडायचं. मोडक्या विमानानिशी हे करायचं!

आणखी एक गोष्ट. 'विक्रांत'च्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला होता, त्यामुळे वेग कमी. विमान सोडताना जहाज वाऱ्याच्या समोर वेगानं चालवावं लागतं, तेव्हा विमानाला उचल मिळते. म्हणजे खाली बॉयलरखान्यात घामाघूम झालेल्या माणसाच्या कामावर वरच्या वैमानिकाचा जीव अवलंबून.

धैर्य म्हणजे भीती नसणं, असं आपण सहज बोलून जातो. ॲरिस्टॉटलला ते मान्य नाही. ज्याला कशाचीच भीती वाटत नाही तो त्याच्या मते शूर नव्हे. भ्याडपणा आणि अविचार यांच्या मधली वाट म्हणजे धैर्य. मराठीत साहस आणि धैर्य असे दोन शब्द आहेत, पण आपण ते एकच समजतो. जिवावर उदार होणं हे साहस. धोका पुरता ओळखून, हात स्थिर ठेवून, हाती घेतलेलं काम तडीस नेणं हे धैर्य.

गुप्तांसोबत जहाजाचे कप्तान स्वराज प्रकाश यांनाही महावीर चक्र मिळालं. बॉयलर सांभाळणाऱ्यांची नावं मात्र आपल्याला ठाऊक नसतात. वीराचा गौरव करताना तेवढं ध्यानात ठेवावं, एवढंच माझं सांगणं.