तल्लफ आली म्हणून नव्हे, ठरवले म्हणून खा!

वजन उतरवण्याचा संकल्प सोमवारी सकाळी होतो आणि बहुधा बुधवारी संध्याकाळी मोडतो. न्याहारीला मोजके पोहे, दुपारच्या डब्यात दोन फुलके आणि पालेभाजी, चहा बिनसाखरेचा; सारे ठरल्याबरहुकूम चाललेले असते. मग कार्यालयातून निघून स्थानकाकडे वळताना कढईतल्या वड्यांचा वास येतो आणि दिवसभराची शिस्त पाच मिनिटांत कोलमडते. वडापाव संपतो, मागे उरते ती अपराधी भावना. 'आपल्याला हे जमणारच नाही' असा निष्कर्ष काढून रात्रीचे जेवणही मग हात सैल सोडून होते. पुढचा संकल्प पुढच्या सोमवारी!

या निष्कर्षातच खरी चूक आहे. एका वडापावातून साधारण ३०० कॅलरी मिळतात. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. म्हणजे तो वडापाव पूर्णपणे जादा धरला तरी त्याची किंमत सुमारे ४० ग्रॅम चरबी. वजन वाढते ते त्या वडापावाने नव्हे, तर बुधवार संध्याकाळ ते पुढचा सोमवार या काळात सोडून दिलेल्या प्रयत्नांमुळे. म्हणूनच एखादा पदार्थ खावासा वाटण्याची ती अनावर ओढ, म्हणजेच तल्लफ, कशी येते आणि ती आल्यावर काय करावे, हे समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

हा विषय केवळ दिसण्याचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे २४ टक्के महिला आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचे अनुमान मांडले. दिलासा देणारी बाब अशी, की धोका टाळण्यासाठी फार मोठी घट लागत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सात टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट ठेवले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. ८० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी सात टक्के म्हणजे जेमतेम साडेपाच किलो. मात्र ते उतरून टिकायला हवेत!

भूक वेगळी, तल्लफ वेगळी

भूक हळूहळू वाढते, पोटात जाणवते आणि कोणत्याही अन्नाने भागते. तल्लफ एकाएकी येते, तोंडात आणि मनात जाणवते आणि एकाच पदार्थाचे नाव घेते. चहा-तंबाखूसाठी आपण वापरतो तो 'तल्लफ' हा शब्द फरसाण, चॉकलेट किंवा आइस्क्रीमलाही तितकाच लागू पडतो. दोहोंतला फरक ओळखण्याची कसोटी सोपी आहे. 'आत्ता समोर साधा वरण-भात ठेवला तर मी खाईन का?' असे स्वतःला विचारावे. उत्तर 'हो' असेल तर ती भूक. तिला नाकारू नये, जेवावे. उत्तर 'नको, मला तेच हवे' असेल तर ती तल्लफ.

'शरीर मागते ते शरीराला हवेच असते', असा एक समज आहे. चॉकलेटची ओढ म्हणजे मॅग्नेशियमची कमतरता, असेही सांगितले जाते. तसे असते तर मॅग्नेशियमने समृद्ध असलेल्या पालक, बदाम किंवा भोपळ्याच्या बियांसाठीही जीव कासावीस झाला असता. ओढ वाटते ती बहुधा साखर, तूप-तेल आणि मीठ यांच्या मिश्रणाची.

शरीर हिशेब ठेवते

वजन कमी करणाऱ्याला तल्लफ अधिक का छळते? शरीरातील चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक तयार करतात. १९९४ मध्ये त्याचा शोध लागला. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि मेंदूला 'साठा कमी होतो आहे' असा निरोप पोहोचतो. दुसरे संप्रेरक घ्रेलिन. जठरातून स्रवणाऱ्या या संप्रेरकाचा शोध १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी लावला. जेवणाची वेळ जवळ आली की ते वाढते आणि भूक चेतवते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे जादा वजनाच्या ५० जणांना दहा आठवडे अत्यल्प आहार देऊन त्यांच्या संप्रेरकांची नोंद ठेवली गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले, की वजन उतरल्यानंतर एक वर्षानेही भूक वाढवणारे बदल पूर्ववत झाले नव्हते.

याहून बोलका दाखला दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरचा आहे. युद्धग्रस्त युरोपातील उपासमारीवर उपाय शोधण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना १९४५ मध्ये २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. रोज साधारण १५७० कॅलरी आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणे, असा तो क्रम होता. काही आठवड्यांतच या तरुणांना खाण्याखेरीज दुसरा विषय सुचेना. पाककृतींची पुस्तके ते कादंबरीसारखी वाचू लागले, जेवणाचे घास तासन् तास पुरवू लागले. प्रयोग संपल्यावर काही जण पोट भरूनही खातच राहिले. हे तरुण दुबळ्या मनाचे नव्हते. युद्धात शस्त्र हाती घेण्यास तत्त्व म्हणून नकार देणारे आणि या प्रयोगासाठी स्वेच्छेने पुढे आलेले ते स्वयंसेवक होते. तेव्हा १००० कॅलरींच्या 'झटपट' आहारावर असलेल्या व्यक्तीला रात्री अकराला बुंदीचा लाडू आठवला, तर त्यात तिच्या चारित्र्याचा दोष शोधण्याचे कारण नाही.

वास, वेळ आणि जागा

तल्लफेचा दुसरा धागा सवयीचा आहे. घंटेचा आवाज आणि अन्न यांची सांगड बसली, की अन्न नसतानाही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी शतकापूर्वीच दाखवले. आपल्याही अशा घंटा असतात. संध्याकाळचा चहा म्हणजे खारी, दूरचित्रवाणीवरील मालिका म्हणजे चिवडा, क्रिकेटचा सामना म्हणजे वेफर्स. पोट भरलेले असतानाही घंटा वाजते आणि हात डब्याकडे जातो. प्रत्येक वेळी तो डबा उघडला, की ती सांगड आणखी घट्ट होते.

पूर्वी तल्लफ आणि पदार्थ यांच्यामध्ये निदान दोन जिने आणि कोपऱ्यावरचे दुकान असे. आता मोबाइलवर बोट ठेवले, की काही मिनिटांत केक दारात हजर होतो. तल्लफ ओसरायला लागणारा वेळच या सोयीने हिरावून घेतला आहे.

एकादशी अन् दुप्पट खाशी

यावर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे संपूर्ण बंदी. 'आजपासून गोड बंद!' ही प्रतिज्ञा ऐकायला शूरपणाची, पण ती मोडण्याची शक्यता अधिक. १९७५ मध्ये अमेरिकेत विद्यार्थिनींवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांच्यापैकी काहींना आधी मिल्कशेक देण्यात आले आणि नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने हवे तितके आइस्क्रीम. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर साहजिकच कमी आइस्क्रीम खाल्ले. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर उलट अधिक खाल्ले. 'नियम मोडलाच आहे, तर आता कशाला थांबायचे?' हा तो हिशेब. आपल्या म्हणीने तो केव्हाच मांडून ठेवला आहे: एकादशी अन् दुप्पट खाशी!

याचा अर्थ जे आठवेल ते खात सुटावे, असा नव्हे. एखादा पदार्थ अचानक वर्ज्य केला, की सुरुवातीला त्याची ओढ वाढते; पण संयमित आहार सातत्याने चालू ठेवला, तर कालांतराने बहुतेकांची ओढ कमी होत जाते, असेही अभ्यासांतून दिसते. घंटा वाजली आणि खाणे मिळाले नाही, असे पुन्हा पुन्हा घडले, की सांगड सैल होते. यातूनच मधला मार्ग निघतो. आवडीचा पदार्थ आहारातून हद्दपार करू नये. त्याला वेळ नेमून द्यावी. रविवारी दुपारी जेवणासोबत एक वाटी श्रीखंड, हे आधी ठरवलेले असावे. मंगळवारी रात्री तल्लफ आली म्हणून उघडलेला श्रीखंडाचा डबा तल्लफेला बळ देतो. रविवारी पानात वाढलेले श्रीखंड देत नाही.

लाट ओसरू द्यावी

तल्लफ लाटेसारखी असते. चढते, शिगेला पोहोचते आणि बहुधा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ काढण्याच्या काही साध्या युक्त्या उपयोगी पडतात.

पहिली युक्ती दुपार आणि रात्र यांमधील दरी बुजवण्याची. एक वाजता जेवलेला माणूस लोकलचा प्रवास करून साडेनऊला जेवत असेल, तर मधले साडेआठ तास कोरडे काढणे ही स्वतःची कठोर परीक्षाच. साडेपाचच्या सुमारास मूठभर फुटाणे, मोड आलेल्या मुगाची उसळ, उकडलेले अंडे किंवा ताक घेतले, तर स्थानकाबाहेरच्या वासाची धार बोथट होते. ३० ग्रॅम फुटाण्यांतून साधारण सहा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि प्रथिनांनी पोट अधिक काळ भरल्यासारखे वाटते.

दुसरी युक्ती मन गुंतवण्याची. तल्लफ मनात चित्र रंगवते: गरम वडा, लसणाची चटणी, तळलेली मिरची. मनाला दुसरे चित्र दिले, की पहिले पुसट होते. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांना तीन मिनिटे 'टेट्रिस' हा ठोकळ्यांचा खेळ खेळल्यानेही तल्लफेची तीव्रता घटल्याचे आढळले. एक्सेटर विद्यापीठातील प्रयोगात पंधरा मिनिटे झपझप चालल्याने चॉकलेटची ओढ कमी झाली. बसचा एक थांबा आधी उतरून चालत जाणे, इतके ते सोपे आहे.

तिसरी युक्ती झोपेची. शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार तास झोपू देण्यात आले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, भरपूर झोपेच्या तुलनेत त्यांचे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची इच्छा विशेष वाढली. रात्री एकपर्यंत मोबाइल पाहणाऱ्याने दुसऱ्या दिवशीच्या तल्लफेचा दोष जिभेला देऊ नये.

चौथी युक्ती घरातली. फरसाणाचा किलोचा पुडा स्वस्त पडतो, पण तो वजनाला महाग ठरतो. लहान पुडी आणावी, बशीत काढून घ्यावी आणि डबा नजरेआड ठेवावा. घरपोच सेवेच्या ॲपमधून बँक कार्डाचा तपशील काढून टाकला, तर प्रत्येक वेळी तो नव्याने भरण्याचा कंटाळाही कामी येतो!

आग्रहाचे काय?

मराठी घरात तल्लफेहून अवघड असतो तो आग्रह. गणपतीतले मोदक, दिवाळीचा फराळ, कार्यालयातील वाढदिवसाचा केक; 'माझ्यासाठी एक तरी' म्हणणाऱ्या मावशींना कॅलरींचा तक्ता ऐकवता येत नाही, ऐकवूही नये. अशा वेळी आधीच ठरवलेला एक मोदक तूप घालून, सावकाश, चव घेत खावा आणि दुसऱ्या वेळचा भात सोडावा. 'फार छान झालाय, एकच पुरे' हे वाक्य प्रामाणिकपणे आणि हसून म्हटले, की सहसा कोणी दुखावत नाही. घरातल्यांनीही एक पथ्य पाळावे: वजन उतरवणाऱ्याच्या पानाकडे पाहून शेरे मारू नयेत. टोमण्यांनी कोणाची तल्लफ गेल्याचे ऐकिवात नाही. चोरून खाणे मात्र वाढते.

तेव्हा डॉक्टरांकडे जा

काही वेळा 'थोडा वेळ थांबा' हा सल्ला धोक्याचा ठरतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींना अचानक कडकडून भूक लागणे, दरदरून घाम येणे, हात थरथरणे, धडधडणे ही रक्तातील साखर घसरल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ घ्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि हे प्रकार वारंवार होत असतील तर औषधांची मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ सतत खावासा वाटत असेल, तर ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. देशात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्ताल्पता आढळली असल्याने ही खूण दुर्लक्षिण्याजोगी नाही. स्टेरॉइड आणि काही मानसोपचारांच्या औषधांनीही भूक वाढते. ती परस्पर बंद करू नयेत. थोड्या वेळात प्रचंड खाणे, थांबता न येणे आणि त्याची लाज वाटून एकट्याने खाणे, असे तीन महिने दर आठवड्याला घडत असेल, तर तो मान्यताप्राप्त मानसिक विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

भूक आणि मनातला खाण्याचा घोळ शमवणारी सेमाग्लुटाइड व टिर्झेपॅटाइड ही औषधे वजन घटवण्यासाठी २०२५ पासून भारतातही मिळू लागली. काहींना ती उपकारक ठरतात. परंतु ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात आणि थांबवल्यावर अनेकांचे वजन पुन्हा वाढते. सवयी बदलण्याचे काम त्यांनी टळत नाही.

आणि सारे करूनही एखाद्या बुधवारी वडापाव खाल्ला गेलाच, तर तो चवीने खावा. त्याची शिक्षा म्हणून रात्री उपाशी राहू नये आणि त्याचे निमित्त करून पुढचे चार दिवसही वाया घालवू नयेत. रात्री नेहमीचे साधे जेवण जेवावे. नव्या सुरुवातीसाठी सोमवारची वाट पाहण्याची गरज नसते. पुढचे जेवण पुरेसे असते.