इंटरप्ट नियंत्रकाचे वर्णन : कार्यप्रणाली आणि सुरक्षित फर्मवेअर

बीजसंज्ञा : इंटरप्ट, जीआयसी, डिव्हाइस ट्री, एसीपीआय, सुरक्षित फर्मवेअर

१. प्रस्तावना

कळफलक, घड्याळ यांसारखी साधने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी जो संकेत पाठवितात, त्यास इंटरप्ट म्हणतात. या संकेतांचा अग्रक्रम ठरवून ते प्रोसेसरपर्यंत पोहोचविण्याचे कार्य इंटरप्ट नियंत्रक करतो. अध्यापकांना परिचित असलेल्या ८२५९ या चिपला आठ वाहिन्या होत्या. १९८४ च्या पीसी-एटी संगणकात अशा दोन चिप जोडून पंधरा वाहिन्या उपलब्ध झाल्या. त्यांचे पत्ते ठरलेले असल्याने ते कार्यप्रणालीतच लिहून ठेवता येत. ॲर्म प्रोसेसरच्या बोर्डांवर मात्र प्रत्येक मांडणी निराळी असते. त्यामुळे नियंत्रकाचे वर्णन कार्यप्रणालीला स्वतंत्रपणे पुरवावे लागते. हे वर्णन कसे केले जाते व त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. वर्णनाच्या दोन पद्धती

ॲर्मच्या जीआयसी नियंत्रकात ० ते १५ हे क्रमांक प्रोसेसरांच्या परस्पर संकेतांसाठी, १६ ते ३१ प्रत्येक प्रोसेसरच्या खासगी साधनांसाठी आणि ३२ पासून पुढचे सामायिक साधनांसाठी असतात. अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या रास्पबेरी पाय ४ या बोर्डावर जीआयसी-४०० नियंत्रक आहे. त्यावरील एका यूआर्टचा प्रत्यक्ष क्रमांक १५३ आहे; परंतु डिव्हाइस ट्रीमध्ये तो १२१ असा लिहिला जातो, कारण तेथे सामायिक क्रमांकांची मोजणी ३२ वगळून होते. नोंदीत संकेताचा प्रकार, क्रमांक व स्वरूप अशी तीन मूल्ये असतात.

दुसरी पद्धत एसीपीआय कोष्टकांची होय. तेथे ॲर्म यंत्रांवर १५३ हाच क्रमांक जसाच्या तसा येतो. एका पद्धतीतील अंक दुसरीत तसाच उतरविल्यास कार्यप्रणाली निराळ्याच वाहिनीवर वाट पाहत राहते आणि त्रुटीचा संदेशही बहुधा येत नाही.

३. सुरक्षित फर्मवेअरचा प्रश्न

ॲर्म प्रोसेसरमध्ये सुरक्षित व सर्वसाधारण अशा दोन अवस्था असतात. सुरक्षित अवस्थेतील फर्मवेअर कार्यप्रणालीच्या आधी चालू होते व कोणता इंटरप्ट कोणत्या गटात जाईल हे नियंत्रकात नोंदविते. सुरक्षित घड्याळाचा क्रमांक २९, तर सर्वसाधारण घड्याळाचा ३० आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये या दोहोंची नोंद असते. तथापि २९ सुरक्षित गटात ठेवलेला असल्यास सर्वसाधारण अवस्थेतून त्याच्या नियंत्रणासाठी केलेले लेखन हार्डवेअरच निष्फळ ठरविते.

यावरून वर्णन आणि अधिकार या दोन भिन्न बाबी असल्याचे स्पष्ट होते. डिव्हाइस ट्री साठवण-कार्डावर असेल तर ती कोणीही बदलू शकतो. सुरक्षित फर्मवेअरने तिच्या आधारे गट ठरविल्यास संरक्षण नाममात्र उरते. म्हणून त्याची यादी फर्मवेअर तयार करतानाच अंतर्भूत करावी, किंवा स्वाक्षरी तपासलेल्या वर्णनातून घ्यावी. उलटपक्षी, फर्मवेअरने एखादे साधन स्वतःकडे राखले आणि डिव्हाइस ट्रीमध्ये ते कार्यप्रणालीसाठी खुले राहिले, तर साधन निष्क्रिय भासते. हा विसंवाद टाळण्यासाठी 'स्टेटस' आणि 'सिक्युअर-स्टेटस' हे दोन गुणधर्म उपलब्ध आहेत. त्यांद्वारे एकाच साधनाची दोन्ही अवस्थांतील उपलब्धता वेगवेगळी दर्शविता येते.

४. स्थानिक संदर्भ

पुण्यातील सी-डॅक या संस्थेने हाती घेतलेला 'ओम' प्रोसेसर ॲर्मच्या निओव्हर्स व्ही१ रचनेवर आधारित आहे. त्यामुळे जीआयसीचे ज्ञान पुणे परिसरातील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष उपयोगी पडणारे आहे.

५. निष्कर्ष

कार्यप्रणालीला वर्णन हवे असते ते साधन शोधण्यासाठी; सुरक्षित फर्मवेअरला ते हवे असते मर्यादा आखण्यासाठी. दोन्ही वर्णने परस्परांशी सुसंगत असावीत, परंतु दुसरे पहिल्यावर विसंबून नसावे. ८२५९ शिकविताना त्यास जोडून १२१ व १५३ हे उदाहरण प्रात्यक्षिकात घेतल्यास हा भेद विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येईल.