विहाराची जागा, दानाचा पैसा आणि धर्मादाय कार्यालयातील नोंद

विहाराच्या कमानीवर नाव असते, पाटीवर नोंदणी क्रमांकही असतो. पण "धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत आज विश्वस्त म्हणून कोणाची नावे आहेत?" असा साधा प्रश्न आम्ही विचारला की कमिटीतील मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. मेहकर, चिखली, लोणार, सिंदखेड राजा या भागात विहार कमिट्या आणि मंडळांच्या कागदपत्रांचे काम करताना हा अनुभव आम्हाला वारंवार येतो. संस्था उभी करणारी पिढी थकली, काही जण दिवंगत झाले. नवी कमिटी गावच्या बैठकीत हात वर करून निवडली गेली, हारतुरे झाले, फोटो व्हॉट्सॲपवर फिरले. नोंदवहीत मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचीच नावे. विहाराचा स्लॅब टाकायचा म्हणून बँकेत गेले की कळते, खात्यावर सही करण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यातले दोघे आता हयात नाहीत.

हा विषय समाजात कंटाळवाणा समजला जातो. "आपण काही चोरी करत नाही, मग कागद कशाला?" असे प्रामाणिक कार्यकर्तेच म्हणतात. ते प्रामाणिक आहेत याबद्दल आम्हाला शंका नाही. पण कायदा मन वाचत नाही, नोंद वाचतो.

आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 लागू आहे. पूर्वी त्याच्या नावात 'महाराष्ट्र'च्या जागी 'मुंबई' होते. आपल्या बहुतेक संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलेल्या असतात आणि त्याच वेळी सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणूनही. म्हणून प्रमाणपत्रे दोन आणि क्रमांकही दोन असतात. त्यातला 'एफ' अक्षराने सुरू होणारा क्रमांक विश्वस्त संस्थेचा. एकच प्रमाणपत्र जपून ठेवले आणि दुसरे कुठे गेले ते माहीत नाही, अशा संस्था जिल्ह्यात थोड्या नाहीत.

या कायद्यातील सर्वात दुर्लक्षित कलम 22 वे आहे. विश्वस्त बदलला, मरण पावला, राजीनामा दिला, संस्थेला जमीन दान मिळाली, पत्ता बदलला, तर 90 दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट म्हणजे बदल अर्ज दाखल करायचा असतो. उशीर झाला तर कारण देऊन विलंब माफीचा अर्ज करता येतो, त्यामुळे घाबरून गप्प बसण्याचे कारण नाही. पण जितकी वर्षे जातात तितके काम अवघड होते. 2004 ची निवड नोंदवली नसेल तर 2009 ची कशी मान्य होणार? जुन्या सभांचे इतिवृत्त, अजेंडा, सभासदांची यादी, मृत्यूचे दाखले हे सगळे शोधत मागे जावे लागते. आणि गावात दोन गट असतील तर प्रत्येक बदल अर्जावर हरकत येते. मग कार्यालयाच्या तारखा सुरू होतात.

हे फक्त खेड्यात घडते असे नाही. दादरचे आंबेडकर भवन 25 जून 2016 रोजी पहाटेच्या अंधारात पाडले गेले तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात संताप उसळला. ती जागा ज्या पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, तो ट्रस्ट खुद्द बाबासाहेबांनी स्थापन केलेला. भवन पाडण्याचे समर्थन करणारे स्वतःला विश्वस्त म्हणवत होते आणि विरोध करणारे त्यांचे विश्वस्तपणच अमान्य करत होते. कोण बरोबर, याचा निवाडा आम्ही येथे करत नाही. पण कायदेशीर विश्वस्त कोण, हा प्रश्न इमारत पडल्यानंतर रस्त्यावर विचारण्याची वेळ का यावी?

दुसरी गोष्ट हिशेबाची. दरवर्षी 31 मार्चला खाते बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून घ्यायचे, ताळेबंद आणि जमाखर्च ठरलेल्या नमुन्यात धर्मादाय कार्यालयात सादर करायचा. आता हे ऑनलाइन करावे लागते. लेखापरीक्षकाने फक्त बेरजा तपासायच्या नसतात. अनियमित खर्च, वसूल न केलेले येणे, गहाळ मालमत्ता दिसली तर तसे अहवालात लिहिणे त्याच्यावर बंधनकारक आहे. "आमचे ऑडिट सीए साहेबांकडेच असते" असे अभिमानाने सांगणाऱ्या कमिटीला आम्ही पोचपावती मागतो. अहवाल तयार होऊन कपाटातच राहिला, असे बरेचदा निघते.

यात धोका काय? 2017 च्या दुरुस्तीने कायद्यात नवी तरतूद आली. संस्था आपल्या उद्दिष्टांसाठी काहीच करत नाही असे आढळले आणि सलग पाच वर्षे बदल अर्ज, लेखापरीक्षण अहवाल वगैरे पूर्तता केलेली नसेल, तर चौकशी करून तिची नोंदणी रद्द करता येते. नोंदणी रद्द झाली की मालमत्तेचे व्यवस्थापन ताब्यात घेऊन तिची विल्हेवाट लावण्याचा अधिकारही येतो. विहारात दर पौर्णिमेला वंदना होते, वर्षावासात ग्रंथवाचन होते, म्हणजे संस्था जिवंत आहे. पण कागदावर ती निष्क्रिय दिसते. नोटीस जुन्या अध्यक्षांच्या पत्त्यावर जाते, घराला कुलूप असते, कारण मुलगा पुण्यात कंपनीत आणि आई त्याच्याकडे.

जागेबद्दलही गोंधळ फार. वस्ती विकासाच्या योजनेतून बांधलेले समाजमंदिर ग्रामपंचायतीचे असते. तेथे बुद्धमूर्ती बसवली म्हणून ते ट्रस्टच्या मालकीचे होत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढून पाहावा. उलट जी जागा खरोखर ट्रस्टची आहे ती विकायची, बदलून द्यायची, बक्षीस द्यायची तर कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासाठीही ती लागते. विहाराला लागून काढलेले गाळे कायमचे देऊन टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. कर्ज काढायलाही परवानगी लागते. पैसा ठेवायचा तो अनुसूचित बँकेत, पोस्टात किंवा शासनाने मान्य केलेल्या सहकारी बँकेत. पतसंस्था जास्त व्याज देते, पण कायद्याच्या यादीत ती नाही. आयुक्तांच्या परवानगीशिवाय तेथे ठेव ठेवली तर जबाबदारी विश्वस्तांवर येते.

14 एप्रिलच्या वर्गणीचे काय? नोंदणीकृत नसलेल्या जयंती मंडळाने वर्गणी गोळा करण्यापूर्वी कलम 41क नुसार परवानगी घ्यायची आणि उत्सवानंतर हिशेब द्यायचा असतो. आमचा आग्रह याच्याही पुढचा आहे. बुद्धपौर्णिमेच्या आत जमाखर्च विहाराच्या फलकावर लावा. डीजेवर किती आणि वाचनालयावर किती, हे वस्तीला दिसू द्या. काही मंडळींना हे आवडणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे.

आयकराचे थोडक्यात. आयकर कायद्याखालील नोंदणी नसेल तर दानाची रक्कम करपात्र उत्पन्न धरली जाऊ शकते. 2021 मध्ये ज्यांनी पाच वर्षांसाठी नव्याने नोंदणी केली, त्यांची मुदत 2025-26 या आर्थिक वर्षाअखेरपर्यंतच होती आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी करायचा असतो. पावतीपुस्तकावर करसवलतीचा उल्लेख छापण्याआधी प्रमाणपत्र आहे का ते पाहा. केवळ धार्मिक कामाच्या संस्थेला ते सहसा मिळत नाही. 2000 रुपयांवर रोख देणाऱ्या दात्याला करसवलत मिळत नाही.

घटनेची भाषा मात्र नीट समजून घ्या. वसतिगृह किंवा अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेने लाभार्थी म्हणून "फक्त बौद्ध समाजाचे विद्यार्थी" असे लिहिले, तर विशिष्ट धर्मसमुदायासाठीची संस्था ठरून करसवलत अडचणीत येऊ शकते. "अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, महिला व मुले" असे लिहिले, तर आयकर कायद्याने त्यांना धर्मसमुदाय मानलेले नाही. 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे आपली मुले या शब्दांत येतातच.

परदेशातून मूर्ती आणण्याची हौस हल्ली वाढली आहे. थायलंडच्या उपासकांनी श्रद्धेने मूर्ती दिली, आपण मिरवणूक काढली. पण परकीय अंशदान नियमन कायदा, 2010 प्रमाणे संस्थेला परदेशी स्रोताकडून मिळालेली वस्तूही अंशदानच असते, फक्त रोख रक्कम नव्हे. त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. पैसे घ्यायचे तर ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच प्रथम यावे लागतात. दुबईत काम करणारा आपला भाऊ भारतीय पासपोर्टधारक असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम यात येत नाही. तिकडचे नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाची येते.

हिशेब हा सरकारने लादलेला उपद्व्याप आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी दोन गोष्टी. विनयपिटकात संघाच्या भांडाराची जबाबदारी सांभाळणारा भांडागारिक संघाने निवडायचा असतो, आणि तो लोभ, द्वेष, मोह, भय यांच्या आहारी न जाणारा व काय साठवले, काय नाही हे जाणणारा असावा अशी अट आहे. बाबासाहेबांनी तर संविधान सभेत नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद बहुधा संविधानातील सर्वात महत्त्वाचे असल्याचे म्हटले होते. आपल्याच जिल्ह्यात शेगावचे संस्थान 1908 पासून चालू आहे आणि त्याच्या व्यवस्थापनाचा राज्यभर दाखला दिला जातो. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवून त्यांची कार्यालयीन शिस्त पाहायला काय हरकत आहे?

सुरुवात कुठून करायची, हे आम्हाला नेहमी विचारले जाते. बुलडाण्याच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करून आपल्या संस्थेच्या नोंदवहीच्या उताऱ्याची, म्हणजे शेड्यूल वनची, प्रमाणित प्रत काढा. त्यात विश्वस्तांची नावे, मालमत्ता आणि आजवर मंजूर झालेले बदल दिसतील. तो उतारा सर्वसाधारण सभेत मोठ्याने वाचून दाखवा, काय सुटले आहे ते इतिवृत्तात लिहा, मगच वकिलाकडे किंवा सीएकडे जा. अर्जात नोंदणी क्रमांक प्रमाणपत्रावरून उतरवा, पाटीवरून नको. पाटी रंगवताना आकडा बदललेला आम्ही दोन गावांत पाहिला आहे.